पहारीचं भोक

मल्हारीला वजनकाट्याच्या खांबाला बांधलं तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते. दोर सापडला नाही, म्हणून कापसाच्या गाठी आवळायची लोखंडी पट्टी आणली. तिला धार असते. मनगटांवरून ती दोनदा फिरली आणि कातडी उघडली. पहिली लाथ मुकादम माणिकरावनं घातली, पोटात. मल्हारीच्या तोंडातून आवाज आला नाही, नुसती हवा आली.

चंद्रभान वीस पावलांवर, ऑफिसच्या पायरीशी उभा होता. मालकाचा पुतण्या योगीराज, ज्याला जिनिंगमध्ये सगळे दादा म्हणत, खुर्ची बाहेर काढून बसला होता. त्याच्या मांडीवर एक कागद होता. कागदावर एक रेघ, रविवारपासून बुधवारपर्यंत, फूटपट्टी लावून ओढल्यासारखी. तेहतीस, चौतीस, पस्तीस, पुन्हा चौतीस. सरकीच्या एक नंबर ढिगाचं चार दिवसांचं तापमान, ढिगात लावलेल्या मोजायच्या मशीननं टिपलेलं. कागद चंद्रभाननंच दहा मिनिटांपूर्वी काढून दिला होता, आणि त्या रेघेमुळंच मल्हारी आता खांबाला होता. कारण आदल्या दिवशी, बुधवारी दुपारी, तो एक नंबर ढीग पेटला होता.

सोनपेठच्या बाहेर रस्त्याला लागून हे जिनिंग. कापूस येतो, मशीन रुई आणि सरकी वेगळी करतं, रुईच्या गाठी ट्रकमधून जातात आणि सरकीचे ढीग ताडपत्रीखाली तेलवाल्यांची वाट बघत पडून राहतात. सरकीत तेल असतं. तिला ओल लागली आणि वारा मिळाला तर ती आतल्या आत तापते, काळी पडते, आणि एके दिवशी कुणी काडी न लावता पेटते. किंवा कुणी काडी लावतो. फरक एवढाच, की पहिल्या प्रकारात ढीग आधी चार दिवस तापलेला असतो. रेघ सांगत होती की हा तापला नव्हता.

"मशीनची काय मल्हारीशी दुष्मनी हाय का?" योगीराज सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "आत चौतीस. म्हंजे आग बाहीरून लागली. कुणी लावली तेवढं सांगायचं राह्यलंय."

त्यासाठी कुणाला डोकं खाजवावं लागलं नाही. मल्हारी इथला हमाल, घरी चाळीस मेंढरं. मागच्या आठवड्यात त्याची एक मेंढी फाटकातून आत शिरली आणि वाळत घातलेल्या सरकीला तिनं तोंड लावलं. माणिकरावनं हातातली सळई फेकून मारली. मेंढीचं कंबरडं मोडलं. पुढचे दोन पाय टाकत, मागचं धड ओढत ती मल्हारीच्या पायांपर्यंत आली. मल्हारीनं तिथंच तिच्या मानेवर गुडघा ठेवला आणि सुरी फिरवली. उठताना तो म्हणाला होता, "येक दिस तुमच्या ढिगाला चूड लावीन, मुकादम."

रागात माणूस बोलून जातो. पण बुधवारी ढीग पेटला, आणि पेटताना त्यानं सूर्यभानला घेतलं.

सूर्यभान ट्रॅक्टर चालवायचा. माणिकरावचा भाचा, बाप मेल्यापासून मामाच्याच घरी वाढलेला. धूर दिसला तसा ताडपत्री ओढायला तो वर चढला. वरचा थर पापडासारखा होता. एका पावलात तो दोन्ही मांड्यांपर्यंत आत गेला. आत निखारे होते. चंद्रभाननं शिडीवरून त्याला काखेत धरून उपसलं. पँट आतच राहिली. पायांचं कातडं घोट्यांशी मोज्यासारखं गोळा झालं होतं. "मामा, मामा" असं तो ओरडत होता, आणि मामा ऑफिसातून अनवाणी धावत येत होता. मागं, सूर्यभाननं केलेल्या भगदाडातून, ज्वाळा माणसाच्या उंचीनं वर आली.

आता भाचा परभणीला दवाखान्यात होता आणि मामा मशीनचा जुना पट्टा मुठीला गुंडाळत होता.

"कबूल कर, मल्हारी," योगीराज म्हणाला. "येका शब्दाचं काम हाय."

"दादा, मेंढीचं मी कवाच सोडून दिलं. ढिगाला म्या हात लावला न्हाई."

"बिडी?"

"वढली. गेटाच्या बाहीर वढली."

पट्टा पडला. कानावर. डाव्या कानातून रक्ताची बारीक धार मानेवर आली.

चंद्रभान बघत होता. त्याला ठाऊक होतं की मल्हारीनं आग लावलेली नाही. कालपासून ठाऊक होतं.

* * *

चंद्रभान मूळचा राणीसावरगावचा. सोनपेठ ही सासुरवाडी. बायकोच्या, बायनाबाईच्या, भावानं त्याला या जिनिंगला लावलं त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. सहाव्या वर्षी रोलरनं डाव्या हाताची दोन बोटं नेली. मशीन कुणी थांबवलं नाही. बोटं रुईसोबत पुढं गेली आणि कुठल्याशा गाठीत बांधली गेली. कुण्या देशात कुणाच्या सदऱ्यात ती असतील देव जाणे, असं तो आधी हसून सांगायचा. पुढं सांगायचं सोडलं.

तेव्हापासून तो ढिगांचा माणूस. सकाळ-संध्याकाळ ढिगात पहार खुपसायची, तासभर ठेवायची, उपसून तिचं टोक तळहाताला लावायचं. चटका बसला की ढीग उलटायचा. तळहाताचं कातडं चामड्यासारखं झालं, पण बावीस वर्षांत त्याचा एकही ढीग पेटला नाही. अभिमान धरावा असं त्याच्याजवळ एवढंच होतं.

मागच्या दिवाळीत डेटालॉगर आला. तळहाताएवढी पांढरी डबी, तिच्यातून निघालेली वायर, आणि वायरीच्या शेवटाला सहा फुटी स्टीलची बारीक सळी. सळीच्या टोकात तापमान ओळखणारा मणी. तिला प्रोब म्हणतात. हमालांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव सुई करून टाकलं. डबी दर दहा मिनिटांनी आकडा टिपून ठेवायची. पुण्याहून आलेला इंजिनियर दोन दिवस राहिला. जाताना त्यानं चंद्रभानला बाजूला घेतलं. "काका, हे तापाच्या थर्मामीटरसारखं आहे. काखेत घट्ट धरलं तर ताप कळतो. सैल धरलं तर खोलीतली हवा कळते. सुईच्या अंगाला चहूकडून सरकी भिडली पाहिजे. एवढंच लक्षात ठेवा."

चंद्रभाननं मान हलवली. दुसऱ्या दिवशी तो सुई ढिगात दाबायला गेला तर ती धनुष्यासारखी वाकली. हमाल गोळा झाले. माणिकराव कमरेवर हात ठेवून बघत राहिला, मग म्हणाला, "आरं चंद्रभान, खुंटा रोवायचा इसरलास व्हय? बापानं हेच शिकवलं का? आधी पहार मार, मग सरकव."

सगळे हसले, चंद्रभानही हसला. गोठ्यातला खुंटा असो की मांडवाची मेढ, पहारीनं आधी भोक पाडल्याशिवाय कुणी काही रोवत नाही. हाताला दुसरं ठाऊकच नसतं. त्या दिवसापासून तो ढिगाच्या कुशीत छातीच्या उंचीवर पहारीनं भोक पाडू लागला, मनगटाएवढं, सरळ, आतून गुळगुळीत. सुई त्यात अलगद जायची. इंजिनियरचं बोलणं त्याला आठवत होतं. पण भोक एवढं देखणं पडायचं की त्यात काही वावगं असेल असं वाटायचं नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी अवकाळी आला, ताडपत्र्या फाटल्या, दोन्ही ढीग भिजले. रविवारी उजाडताना एक नंबरच्या माथ्यावर बारीक वाफ दिसली. वास आला, आंबलेल्या पिठासारखा. चंद्रभाननं डबी बघितली. चौतीस. तरी तो मुकादमाकडे गेला.

"मुकादम, ढीग आंबलाय बघा."

"डबी काय म्हणायली?"

"चौतीस."

"मंग? तुझ्या नाकाला येक डबी बसवायची का?"

पुन्हा सगळे हसले. तो मागं फिरला. पहार ढिगात तासभर ठेवून तळहाताला लावून बघावी असं त्याच्या मनात आलं. पण तळहात आता मऊ पडायला लागला होता, आणि डबीवरचा आकडा हिरव्या उजेडात स्वच्छ दिसत होता. त्यानं आकड्यावर विश्वास टाकला.

बुधवारी सूर्यभानला गाडीत घातल्यावर, आग पाण्यानं दाबल्यावर, अंगाला जळक्या कातड्याचा वास घेऊन तो दोन नंबर ढिगाजवळ आला. हाही तसाच भिजलेला, दुप्पट मोठा. त्याच्या कुशीतही त्यानंच पाडलेलं भोक होतं. डबी पस्तीस म्हणत होती. जमिनीवरचा रुईचा पुंजका उचलून त्यानं भोकाच्या तोंडाशी धरला. पुंजका थरथरला आणि आत ओढला गेला.

ढीग श्वास घेत होता. आत तापलेली हवा माथ्यावाटे बाहेर पडत होती आणि तिच्या जागी भोकातून बाहेरचा वारा आत जात होता. सुई त्या वाऱ्यात लोंबकळत होती. तिनं रात्रंदिवस इमानानं मोजला तो वारा. हातभर अंतरावर सरकी जळत होती, आणि जळायला लागणारी हवाही तिला त्याच भोकातून मिळत होती.

त्यानं घाईघाईनं भोकात सरकी कोंबली, थोडी, वरवर. मग घरी गेला. बायनाबाईनं ताट वाढलं, त्यानं हात लावला नाही. ती म्हणाली, "सूर्यभानचं लय लागलंय तुमाला." तो हो म्हणाला.

सकाळी योगीराजनं बोलावलं. "काका, चार दिवसांचा कागद काढा." चंद्रभाननं कागद काढला. तेव्हा बोलता आलं असतं. पण त्या वाक्याच्या दुसऱ्या टोकाला सूर्यभानचे पाय होते. योगीराजनं कागद मागितला होता. त्यानं कागद दिला.

* * *

"पाटील!"

मल्हारीची बायको भिवराबाई फाटकातून आली होती. दोन बायकांनी तिला दंडाला धरलं होतं, ती त्यांना ओढत पुढं येत होती. चंद्रभानला या बाजूचे हमाल पाटीलच म्हणत. तीन एकर रान असलं तरी पाटील.

"पाटील, तुमी तरी बोला की. डबी तुमची हाय. तुमच्या डबीनं माझा घरधनी बांधलाय."

चंद्रभान खाली बघू लागला.

"हिला बाहीर काढा," योगीराज म्हणाला.

पट्टा पडत होता. मल्हारी आता ओरडत नव्हता. प्रत्येक फटक्याला त्याची टाच जमिनीत रुतायची आणि माती उकरायची. सातव्या की आठव्या फटक्याला त्याच्या तोंडातून दात आणि लाळ एकदमच पडली. हमाल गोल करून उभे होते. कुणी मध्ये पडलं नाही. यातल्या अर्ध्यांनी काल सूर्यभानला बघितलं होतं आणि त्यांनाही कुणीतरी हवंच होतं.

"बोल!" माणिकरावचा आवाज फाटला. तो रडत होता, मारता मारता रडत होता. "माझं पोर दोन पायांनी चालत आलतं काल सकाळी. बोल, कवा लावलीस?"

"न्हाई लावली," मल्हारी म्हणाला. फुटलेल्या ओठांतून ते नीट ऐकूही आलं नाही.

माणिकरावनं पट्टा टाकला. इकडं तिकडं बघितलं. भिंतीला चंद्रभानची पहार टेकलेली होती. ती त्यानं उचलली, दोन्ही हातांनी तोलली, आणि मल्हारीच्या गुडघ्यांसमोर पाय फाकवून उभा राहिला.

"सूर्यभानचे गेले ना. ह्याचे बी घेतो."

"मुकादम!"

चंद्रभानला आपला आवाज परका वाटला. तो चालत चालत गोलाच्या मध्ये आला होता.

"ती ठिवा खाली. ढीग मल्हारीनं न्हाई, त्या पहारीनं जाळला."

कुणाला काही कळलं नाही. "काका, डोकं फिरलंय का?" योगीराज खुर्चीतून उठला.

चंद्रभाननं सांगितलं. भोक सैल होतं, सुई सरकीला भिडलीच नाही, तिनं हवा मोजली. ढीग आतून जळत होता. बाहेरून काडी लावली असती तर वरचं आधी पेटलं असतं; सूर्यभान वर चढला तेव्हा ताडपत्री जळलेली नव्हती आणि निखारे आत होते.

योगीराजनं ऐकून घेतलं. मग कागद त्याच्या नाकासमोर धरला. "हे सकाळी खरं होतं. आता मल्हारी मरायला लागला तर खोटं झालं?"

"कागद खराच हाय, दादा. हवा चौतीसच होती."

"कवाधरनं चाललंय हे?" योगीराजनं विचारलं. "भोक पाडायचं कुणी काढलं?"

चंद्रभाननं माणिकरावकडे बघितलं. माणिकराव त्याच्याकडेच बघत होता, हातात पहार, गालांवर ओघळ. दोघांनाही दिवाळीनंतरची ती सकाळ आठवत होती. तिथं उभ्या असलेल्या चार-पाच हमालांनाही आठवत असणार.

"म्या," चंद्रभान म्हणाला. "भोक म्या पाडलं."

"हा हमालाला वाचवायला कायबी सांगायलाय," माणिकराव ओरडला. "दादा, ऐकू नका."

"दोन नंबर बी जळायलाय," चंद्रभान म्हणाला. "डबी पस्तीस म्हणती. मी दाखवतो. खोटं निघालं तर मल्हारीच्या जागी मला बांधा."

योगीराजनं दोन नंबरकडे बघितलं. तो दुप्पट मोठा होता आणि त्याच्या मागं गाठींचं गोदाम होतं.

"किती वेळ लागंल?"

"अर्धा तास. सुई आधी सोता तापाया पायजे. पहिल्या आकड्याला अर्थ नसतो. दोन-तीन आकडे सारखे आले की तो खरा."

"अर्धा तास मी हात बांधून बसू व्हय?" माणिकराव म्हणाला. पण पहार त्यानं जमिनीला टेकवली.

कपाटात एक जादा सुई होती. योगीराजनं लगेच हटकलं, की जादा सुईच बिघडलेली निघाली तर? चंद्रभाननं जुनी सुई भोकातून उपसली, पाण्याची घागर मागवली, दोन्ही सुया टोकाकडून हातभर त्यात बुडवल्या आणि ढवळत राहिला. डबीला दोन वायरी लागत. दोन्ही आकडे हळूहळू खाली आले. एक सव्वीस पॉइंट आठ, दुसरा सव्वीस पॉइंट नऊ. योगीराजनं स्वतः वाचले.

मग जुनी सुई पुन्हा जुन्या भोकात घातली, काल कोंबलेली सरकी काढून, होती तशी सैल. आणि तिच्यापासून हातभर अंतरावर, जिथं पहार कधी लागली नव्हती, तिथं त्यानं नवी सुई टेकवली. गुडघा लावला, छाती लावली, आणि दाबली. ती वाकली. त्यानं ती ढिगालगत धरून वीतभर वीतभर आत ढकलली. सुईच्या धातूनं तीन बोटांच्या हाताचं कातडं सोलून काढलं. चार फूट आत गेल्यावर सरकी दगडासारखी लागली. तो अंगाचा भार टाकून तिच्यावर पडला. सहा फूट गेली तेव्हा सुई रक्तानं चिकट झाली होती. बाहेर राहिलेल्या मुठीभोवती त्यानं सरकी थोपटून घट्ट केली. डबीच्या दोन नोंदींमधलं अंतर दहा मिनिटांवरून एका मिनिटावर आणलं.

"सांगा," योगीराज म्हणाला.

"जुनी पस्तीस. नवी एकतीस."

कुणीतरी हसलं. "नवी तर थंडच हाय की, पाटील."

"सुई अजून बाहीरचंच सांगायली. थांबा."

दुसरं मिनिट, चौतीस. तिसरं, अडतीस. माणिकराव खांबाकडे गेला आणि मल्हारीच्या तोंडावर उलट्या हाताची एक ठेवून परत आला. जणू घड्याळ बघून आला. सहावं मिनिट, पंचेचाळीस.

"उन्हानं," माणिकराव म्हणाला. "ऊन लागायलंय तिला."

"टोक सहा फूट आत हाय. जुनीला बी तेच ऊन हाय. ती पस्तीसच हाय."

"उपसून दाखव. टोक हाताला लागू दे."

"उपसली की परत पहिल्यापासून."

माणिकरावनं सुईला हात घातला. चंद्रभान आडवा झाला, सुईवर पोट टाकून ढिगाला मिठी मारल्यासारखा. पट्टा आता त्याच्या पाठीवर पडला. एकदा, दोनदा. तो हलला नाही. हलला असता तर सुई सैल झाली असती. पोटाखाली त्याला ढीग कोमट लागत होता, तापानं फणफणलेल्या जनावरासारखा.

"थांब, माणिकराव." योगीराज डबीजवळ वाकला होता. "आकडा बघू दे."

एक्कावन्न. मग सत्तावन्न. हमालांचा गोल खांबाकडून तुटला आणि डबीभोवती जमला. एकसष्ट. आता कुणी हसत नव्हतं. चौसष्ट. वाढ मंदावली. पासष्ट पॉइंट आठ. योगीराज प्रत्येक आकडा मोठ्यानं वाचत होता आणि त्याचा आवाज हळूहळू उतरत होता. सदुसष्ट पॉइंट एक. सदुसष्ट पॉइंट दोन. सदुसष्ट पॉइंट दोन.

"हाच," चंद्रभान म्हणाला. "हा खरा."

"आणि जुनी?"

"पस्तीस."

हातभर अंतर. योगीराज एकदा इकडं, एकदा तिकडं बघत राहिला. मग तो वळून लोडरवाल्याच्या नावानं ओरडत सुटला.

त्या गोंधळात माणिकराव जागचा हलला नाही. "म्हंजे सूर्यभानला तू जाळलंस," तो म्हणाला, हळू, समजावून घेतल्यासारखं. चंद्रभानला सहा शब्द बोलता आले असते: पहार मार म्हणून तुमीच सांगितलं होतं. माणिकराव जणू त्याच शब्दांची वाट बघत होता. ते आले नाहीत, आणि न आल्यानंच त्याचा तोल गेला. पहार वर गेली. चंद्रभाननं डोकं बाजूला घेतलं, ती डाव्या खांद्यावर आली. आतलं हाड मोडल्याचा आवाज त्याला कानांनी ऐकू आला नाही, दातांत ऐकू आला. दुसरा घाव उचलेपर्यंत चार हमालांनी माणिकरावला मागून धरलं.

"आरं, त्याला मारू नका!" योगीराज लांबून ओरडला. "ढीग कोण खोलील?"

त्यांनी चंद्रभानला खुर्चीत बसवलं. तीच खुर्ची. हात उपरण्यानं छातीला बांधला. तिथून तो सांगत गेला, लोडरनं माथ्याला हात लावायचा नाही, कुशीतून खायचं, एक बकेट काढली की पसरायची, पाणी मारायचं, मग दुसरी. घाई केली तर वारा एकदम आत जाईल. दोनदा घाई झाली. दोन्ही वेळा आतली काळी सरकी उजेडात येताच भपकन पेटली आणि लोडरवाल्याच्या भुवया गेल्या. तिसऱ्यांदा ऐकलं. दिवस मावळेपर्यंत ढीग अंगणभर काळा-राखाडी पसरला होता आणि गोदाम उभं होतं.

मल्हारीला कुणी सोडलं ते त्यानं बघितलंच नाही. नंतर कळलं, भिवराबाईनं पत्रा कापायची कात्री कुठूनशी आणून पट्टी तोडली, नवऱ्याला खांद्यावर घेतलं आणि फाटकातून गेली. दादांनी गाडी देऊ केली होती, ती नको म्हणाली. कुणी माफी मागितली नाही. ढीग खोलायची घाई होती.

* * *

सूर्यभान वाचला. उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. माणिकराव अजून मुकादमच आहे. चंद्रभानशी तो थेट बोलत नाही. काही सांगायचं झालं तर मधल्या माणसाला सांगतो, तेही चंद्रभान हात-दोन हातांवर उभा असताना. चंद्रभानलाही कामावर ठेवलं. सुई कशी खुपसायची ते दुसऱ्या कुणाला येत नव्हतं.

मल्हारी परत आला नाही. तीन आठवड्यांनी तो दिसला, सोनपेठच्या बाजारात. चंद्रभान हात गळ्यात बांधून मिरच्या घेत होता. मल्हारी समोर येऊन उभा राहिला. ओठ वेडावाकडा जुळला होता. बोलताना तो उजवा कान पुढं करत होता. डावा गेला होता.

"रामराम, पाटील."

"रामराम. कसा हायेस?"

"बरा हाय." त्यानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "येक इचारायचं होतं. भोकाचं तुमाला कवा कळलं?"

मिरच्यावाली तागडी धरून थांबली. चंद्रभानला ठाऊक होतं की कोणतं उत्तर सोपं आहे. मुकादमाच्या हातात पहार बघितली तेव्हा कळलं, असं म्हटलं असतं तर मल्हारीनं ऐकलं असतं. जिनिंगमध्ये सगळे तेच धरून चालले होते. घरी बायनाबाईसुद्धा.

"आदल्या दिवशी," तो म्हणाला. "बुधवारी सांजच्याला."

मल्हारीनं उजवा कान आणखी पुढं केला. "कवा?"

"बुधवारी. तुला बांधायच्या आधी. कागद काढायच्या बी आधी."

मल्हारीनं मान हलवली, हिशेब लागल्यासारखी. मग हात उचलला आणि चंद्रभानच्या तोंडात मारली. पूर्ण ताकदीनं. चंद्रभान मिरच्यांच्या ढिगावर कोसळला, मोडलेल्या खांद्यावर, आणि डोळ्यांपुढं सगळं पांढरं झालं. लोक धावले. दोघा-तिघांनी मल्हारीला धरलं. कुणी तरी म्हणालं, पोलिसाला बोलवा, लुळ्या माणसाला मारायलाय.

"सोडा त्याला," चंद्रभान खालूनच म्हणाला. "सोडा म्हणतो ना."

त्यांनी सोडलं. मल्हारीनं पडलेली आपली पिशवी उचलली, झटकली, आणि मागं न बघता एसटीच्या थांब्याकडे चालू लागला. मिरच्यावाली शिव्या देत माल गोळा करू लागली. चंद्रभान उठून बसला. तोंडातलं रक्त त्यानं गिळलं, आणि एका हातानं जवळच्या मिरच्या वेचून तिच्या पाटीत टाकू लागला.